वाटीचे माप आणि ग्रॅमचा हिशेब

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात आहार विभागातर्फे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



रुग्णास घरी सोडताना आम्ही जो आहारतक्ता देतो, त्यात तांदूळ, डाळ, पीठ, तेल सारे ग्रॅममध्ये लिहिलेले असते. तो हाती पडताच पहिला प्रश्न ठरलेला : "म्हणजे किती वाट्या?" प्रश्न रास्त आहे. पायली, शेर, मापटे, चिपटे ही आपली धान्याची जुनी मापे आकारमानाचीच होती. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजने-मापे आली, दुकानात किलो रुळला. स्वयंपाकघरात मात्र हात अजून वाटीकडेच जातो.

अडचण अशी की वाटी जागा मोजते, वजन नव्हे. दीडशे मिलिलिटरच्या वाटीत पाणी १५० ग्रॅम मावते, तेल सुमारे १३८ आणि कच्चे तांदूळ १२५ च्या आसपास. गव्हाचे पीठ चाळून हलके भरले तर जेमतेम ७५ ग्रॅम. तेच दाबून भरले तर नव्वदीच्या पुढे. वाटी एकच, गृहिणीही एकच, फरक केवळ हाताचा.

सर्वांत मोठा घोटाळा भाताचा होतो. वाटीभर कच्च्या तांदळात जवळजवळ शंभर ग्रॅम कर्बोदके असतात. त्याच वाटीत शिजलेला भात घेतला, तर सुमारे तीस. इन्सुलिनची मात्रा ठरलेली असताना हा तिपटीचा फरक पडला, तर रक्तातील साखर एक तर बेसुमार चढते किंवा धोक्याच्या पातळीपर्यंत उतरते. म्हणून तक्त्यातील वजन कच्च्या धान्याचे की शिजलेल्या अन्नाचे, हे विचारल्यावाचून येथून जाऊ नये.

मिठाचेही तसेच. प्रौढ व्यक्तीने दिवसाकाठी पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच मिलिलिटरच्या एका सपाट चमच्यात बारीक मीठ सुमारे सहा ग्रॅम भरते. शीग लावली तर किती, ते सांगायलाच नको. खडेमिठात मध्ये पोकळी राहते, म्हणून तोच चमचा हलका भरतो. शिवाय आपल्या घरचा चहाचा चमचा पाच मिलिलिटरचाच असेल, याची खात्री कोणी द्यावी? हृदयविकाराच्या वा मूत्रपिंडाच्या रुग्णाला हा अंदाज महागात पडतो.

वजन एकदा नीट केले की पुढे माप वापरता येते, याचे एक मोठे उदाहरण आपल्याच देशातले आहे. १९७१ साली बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ होती. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ व अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण आधीच तोलून पिशव्यांत बंद करवून घेतले. छावणीत उरले ते फक्त पाणी मोजणे. आणि ते पाणी रुग्णांचे नातेवाईकच पाजू शकले. मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले.

घरी हेच करावयाचे आहे. रिकामी वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्य करावा. नेहमीच्याच हाताने भरावी, सुरीच्या पाठीने सपाट करावी, तीनदा तोलून सरासरी काढावी आणि ती डब्याच्या झाकणावर लिहून ठेवावी. मिठासारख्या थोडक्या वस्तूला घरगुती काटा अपुरा पडतो; तेथे दहा सपाट चमचे एकत्र तोलून दहाने भागावे. तांदळाचा वाण, पिठाची गिरणी वा वाटी बदलली की पुन्हा तोलावे.

ज्यांच्याकडे काटा नाही, त्यांनी घरी जाण्याच्या दिवशी आपली रोजची वाटी आणि चमचा सोबत आणावा. तक्ता समजावून सांगताना तेथेच तोलून, ग्रॅमच्या आकड्यासमोर वाट्यांचा आकडा लिहून घ्यावा.