उन्हाळ्यातील डोह

(समाजाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या भोई समाजाचे अन्न गोड्या पाण्यात आहे. म्हणून उन्हाळ्यातील पाण्याविषयीच दोन शब्द बोलतो.

पाणी तापले की त्यातील प्राणवायू कमी होतो. २० अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यात तो सुमारे ९ मिलिग्रॅम राहू शकतो, ३० अंशांस साडेसातच. रात्री शेवाळही तो ओढून घेते. म्हणून पहाटे कटला, रोहू वर येऊन तोंड वासतात. मरळ मासा मात्र हवेतूनही श्वास घेतो, म्हणून चिखलात तगतो.

नदीची धार तुटली की उरलेली मासळी डोहात गोळा होते. तेव्हा ती धरणे अगदी सोपे! परंतु हीच मासळी पावसाळ्यात अंडी घालणार असते.

१९७२ च्या दुष्काळात मी लहान होतो. घरात दाणा नव्हता. वडिलांनी व चुलत्यांनी गावचा डोह साफ केला. त्यांना दोष कसा देऊ? त्या मासळीवरच आम्ही जगलो. पुढे नदी भरून आली, पण जाळी रिकामी निघाली. वडील एवढेच म्हणाले, “पोरा, आपण बियाणे खाल्ले.”

स्फोटके वा विष घालून मासे मारणे १८९७ च्या कायद्याने गुन्हा ठरविले. तथापि डोहाचे खरे राखणदार आपणच. प्रत्येक गावाने एक तरी डोह पावसापर्यंत राखावा, एवढी नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.