चॅप्टर केस आणि घरातली परवान्याची बंदूक



बांधावरून, वहिवाटीच्या रस्त्यावरून, पाण्याच्या पाळीवरून गावात भांडणं होतात. दोन्हीकडची माणसं पोलीस ठाण्यात जाऊन एकमेकांविरुद्ध तक्रार देतात. काही दिवसांनी तहसीलदारांच्या सहीची नोटीस घरी येते. तुमच्याकडून शांतताभंग होण्याचा संभव आहे, तरी वर्षभर शांतता राखण्याचं बंधपत्र तुमच्याकडून का घेऊ नये, असं त्यात विचारलेलं असतं. ठाण्यात आणि कचेरीत हिला सगळे ‘चॅप्टर केस’ म्हणतात. तुरुंग नाही, दंड नाही, सही केली की सुटलो, असं समजून बरेच जण ती अंगावेगळी करतात. पण ज्याच्या घरात परवान्याची बंदूक आहे, त्याला ही सही फार महागात पडू शकते. आज मी त्याबद्दलच सांगणार आहे.

आपल्या देशात बंदूक बाळगणं हा मूलभूत हक्क नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार मिळणारी ती परवानगी आहे, आणि कोणाला ती मिळू नये हे त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये सांगितलं आहे. एकवीस वर्षांखालची व्यक्ती त्यात आहे. हिंसेच्या गुन्ह्यात तुरुंगवासाची शिक्षा झालेली व्यक्ती, शिक्षा संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत, त्यात आहे. आणि तिसरी आहे ती शांतता राखण्याचं किंवा चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र देण्याचा आदेश झालेली व्यक्ती. त्या बंधपत्राची मुदत असेपर्यंत तिनं बंदूक आणि काडतुसं जवळ ठेवायची नाहीत, नवीन घ्यायचीही नाहीत.

बंधपत्राची ही तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०७ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ मध्ये आहे. शस्त्र कायद्यात जुन्या संहितेचं नाव असलं, तरी तो उल्लेख आता नव्या संहितेला लागू होतो. तेव्हा जुना कायदा गेला, आता बंधन राहिलं नाही, असं कोणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका.

इथे एक फरक नीट लक्षात घ्या. नोटीस आली म्हणजे आदेश झाला असं नाही. नोटिशीनंतर दंडाधिकाऱ्यांनी, म्हणजे इथे तहसीलदारांनी, चौकशी करायची असते, तुमचं म्हणणं आणि साक्षीपुरावा ऐकायचा असतो, आणि तक्रार खरी ठरली तरच बंधपत्राचा आदेश द्यायचा असतो. ही चौकशी साधारणपणे सहा महिन्यांत पूर्ण व्हावी, असंही संहिता सांगते. आपल्या पुण्याचे समाजवादी नेते मधू लिमये बिहारमध्ये मुंगेरला अशाच कारवाईत सापडले, तेव्हा ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९७० च्या त्या निकालात न्यायालयानं ही तरतूद वैध ठरवली, पण चौकशी सुरू केल्याशिवाय अंतरिम बंधपत्र मागता येणार नाही, असंही बजावलं. म्हणून तारखेला हजर राहा, आपली बाजू मांडा. ‘सगळेच सही करतात’ म्हणून सही करू नका. आदेश चुकीचा वाटला तर सत्र न्यायालयात अपील करता येतं.

आता आदेश झालाच, असं धरू. सिंधुदुर्ग किंवा रत्नागिरीतला एखादा बागायतदार घ्या. रानडुकरं आणि वानरं बागेची नासधूस करतात, म्हणून त्याच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे. चुलतभावाशी वाद झाला आणि वर्षभराचं बंधपत्र झालं. परवान्याची मुदत अजून शिल्लक आहे, कागद कपाटात आहे, म्हणून बागायतदार निश्चिंत राहतो. पण बंधन कायद्यानेच लागू झालेलं असतं. बंधपत्राच्या काळात बंदूक जवळ सापडली, तर शस्त्र अधिनियमाच्या कलम २५ नुसार तो स्वतंत्र गुन्हा ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे. बांधाच्या भांडणापायी एवढी शिक्षा ओढवून घ्यायची का?

मग करायचं काय? विनाविलंब बंदूक आणि काडतुसं जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा. पावती घ्या. त्या पावतीवर बंदुकीचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि तारीख आहे ना, हे तिथेच उभं राहून वाचा. भावाकडे किंवा मेहुण्याकडे बंदूक ठेवू नका. त्याच्याकडे त्या बंदुकीचा परवाना नसतो, त्यामुळे तुमच्याबरोबर तोही अडकतो.

बंधपत्राची मुदत संपली आणि परवाना चालू असला, की बंदूक परत मागता येते. ती वेळेत मागा. ठरलेल्या मुदतीत न नेलेलं शस्त्र सरकारजमा होऊ शकतं, मात्र त्याआधी तुम्हाला नोटीस दिली जाते. मधल्या काळात परवाना संपणार असेल तर नूतनीकरणाकडे लक्ष ठेवा. परवान्याच्या अर्जात बंधपत्राविषयी थेट प्रश्न असतो. त्याचं उत्तर खरं द्या. माहिती लपवून मिळवलेला परवाना रद्द होऊ शकतो.

परवाना निलंबित किंवा रद्द करायचा असेल तर परवाना प्राधिकाऱ्याला कलम १७ खाली वेगळा आदेश काढावा लागतो आणि कारणं लेखी नोंदवावी लागतात. त्या आदेशाची प्रत मागून घ्या. त्याविरुद्ध कलम १८ खाली अपील करता येतं, पण मुदतीत.

आता घरातल्या बायाबापड्यांसाठी दोन शब्द. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली मिळणारा संरक्षण आदेश शस्त्र अधिनियमाच्या कलम ९ च्या यादीत नाही, त्यामुळे नवऱ्याची बंदूक त्या आदेशानं आपोआप जमा होत नाही. ताई, तो बंदूक दाखवून धमकावत असेल तर न्यायालयातल्या अर्जात तसं स्पष्ट लिहा, बंदुकीबाबत मनाई मागा, आणि परवाना देणाऱ्या कार्यालयालाही लेखी कळवा. सार्वजनिक शांतता आणि सुरक्षेसाठी परवाना रद्द करण्याचा अधिकार त्यांना आहे.

अमेरिकेत बंदूक बाळगण्याचा हक्क घटनेत लिहिलेला आहे. तरीही एखाद्या व्यक्तीपासून घरच्या माणसाला धोका असल्याचं न्यायालयानं ठरवलं तर त्या व्यक्तीकडून बंदूक काढून घेता येते, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये मान्य केलं. रागाच्या भरात हाताशी बंदूक असली की भांडणाचं पर्यवसान खुनात होऊ शकतं, हे सगळीकडे सारखंच आहे. म्हणून बंधपत्राच्या काळातलं हे बंधन मला मनापासून योग्य वाटतं. राग ओसरायला त्यामुळे अवधी मिळतो, आणि त्यात तुमचाही जीव वाचतो.

तेव्हा श्रोतेहो, चॅप्टर केसची नोटीस आली तर वकिलाला सगळ्यात आधी सांगा, ‘माझ्या घरी परवान्याची बंदूक आहे.’ पुढचा सगळा सल्ला त्यावर ठरतो.