फिल्मचा रोल महाग का झाला?



कारखान्याच्या दारात उभे राहून बोलणाऱ्या माणसाला आपण या व्यासपीठावर बोलावले, तेव्हा तो बोनसवर किंवा संपावर बोलेल अशी आपली अपेक्षा असणार. मी फोटोच्या फिल्मवर बोलणार आहे. दहावीला शाळा सुटली आणि मी एका स्टुडिओत रोल धुण्याच्या कामाला लागलो. चळवळीत आलो तो नंतर. हायपोचा वास अजून नाकातून गेलेला नाही. परवा त्या स्टुडिओच्या मालकांचा नातू भेटला. आजोबांचा कॅमेरा त्याने दुरुस्त करून घेतला आहे. म्हणाला, "काका, एका रोलला हजाराच्या आसपास मोजावे लागतात. तुमच्या वेळी काय पडायचा?" शंभराच्या नोटेत काम भागत असे, हे मी सांगितले. रुपया घसरला हे खरेच. पण त्याचा पुढचा प्रश्न बिनतोड होता. घेणारेच उरले नाहीत, तर माल स्वस्त व्हायला हवा. हा महाग कसा होतो?

प्रश्न बाजारातला दिसतो, उत्तर कारखान्यात आहे. फिल्म म्हणजे पारदर्शक पट्ट्यावर जिलेटिनचा लेप, आणि त्या लेपात चांदीच्या क्षारांचे कण. रंगीत फिल्मवर असे कितीतरी थर एकावर एक बसवावे लागतात आणि सगळे मिळून केसापेक्षा पातळ असतात. मीटरहून रुंद पट्टा यंत्रातून वेगाने धावतो आणि हे सारे गडद काळोखात चालते. धुळीचा कण पडला, तापमान जरा हलले, की माल बाद. जिलेटिन निघते जनावरांच्या हाडांतून आणि कातड्यांतून. एका जिलेटिनची फिल्म चांगली निघते, दुसऱ्याची मंद, हे कोडे कोडॅकच्या शेपर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने १९२५ च्या सुमारास सोडविले. जिलेटिनमध्ये मोहरीच्या जातीच्या वनस्पतींतून गंधकाचा अंश उतरत होता, तोच फिल्मला तेज देत होता! आपल्या फोडणीतल्या मोहरीला सिनेमाच्या धंद्यात एवढे मानाचे स्थान असेल, हे मला वाचनालयात बसून कळले.

आता साखर कारखान्याचे उदाहरण घ्या, ते आपल्या ओळखीचे आहे. रोज पाच हजार टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात पन्नास टन आला, म्हणून बॉयलर शंभरपट लहान होत नाही. वाफ तेवढीच, माणसे जवळजवळ तेवढीच, कर्जाचे व्याज तर तेवढेच. मग त्या पन्नास टनांची साखर काय भावाने पडेल? कोडॅकची सिनेमाची फिल्म २००६ साली १२४० कोटी फूट खपली. २०१४ साली सुमारे ४५ कोटी फूट. यंत्र मात्र तेच, जग भरून फिल्म पुरविण्यासाठी बांधलेले. चांदी महागते, हेही कारण आहेच. पण मूळ दुखणे यंत्राच्या आकाराचे.

अमेरिकेतील रॉचेस्टर हे कोडॅकचे गाव. १९८२ साली त्या एका गावात ६० हजारांवर माणसे कंपनीत होती; जगभर मिळून १९८८ साली सुमारे १ लाख ४५ हजार. आणि आमच्या दृष्टीने नवलाची गोष्ट म्हणजे तेथे युनियन कधी रुजलीच नाही. संस्थापक जॉर्ज ईस्टमन यांनी १९१२ पासून भागधारकांच्या लाभांशाबरोबर कामगारालाही वाटा द्यायला सुरुवात केली. बाप नोकरीला, मुलगा नोकरीला, घराला कर्ज मिळते, मग युनियन कशाला? मी तेथे असतो, तर माझ्या गेटसभेला कुत्रेही फिरकले नसते, हे कबूल करतो.

१९७५ साली याच कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने फिल्मवाचून चालणारा कॅमेरा बनविला. तो पुढे आणण्याची निकड कंपनीला वाटली नाही, कारण पैसा फिल्मवर होता. २००७ साली तेथल्या काही इमारती सुरुंग लावून पाडल्या. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि त्याच वर्षी निवृत्तांना मिळणारा औषधपाण्याचा खर्च बंद करण्यात आला. जे मालकाच्या मर्जीने मिळाले होते, ते त्याच्या अडचणीबरोबर गेले.

इंग्लंडातली गोष्ट वेगळी झाली. तेथील कामगारांच्या पेन्शन फंडाचे कंपनीकडे २८० कोटी डॉलरचे येणे निघत होते. ते येणे सोडण्याच्या बदल्यात २०१३ साली फंडाच्या हाती काय आले, तर फोटोच्या फिल्मची विक्री! म्हणजे काही वर्षे जगात कोणी कोडॅकचा रोल घेतला, की त्यातला काही वाटा म्हाताऱ्या कामगारांच्या पेन्शनच्या झोळीत पडे. २०२४ मध्ये तो धंदाही एका गुंतवणूक कंपनीला विकला गेला.

एरवी आम्ही म्हणतो, मोठा कारखाना हा कामगाराचा किल्ला. मीही तीस वर्षे हेच सांगत आलो. १९८२ च्या मुंबईच्या गिरणी संपानंतर तरी मला शंका यायला हवी होती. ती आली रॉचेस्टर वाचताना. किल्ला एवढा थोर, की लहान होताच येईना. हॉलंडात एन्शेडे येथे २००८ साली पोलरॉइडचा कारखाना बंद झाला, तेव्हा काही मोजक्या लोकांनी यंत्रे भंगारात जाऊ दिली नाहीत. जुनी रसायने मिळेनात, म्हणून कृतीच नव्याने शोधली आणि २०१० मध्ये फिल्म बाजारात आणली. पहिली खेप डागाळलेली होती; पण निघाली. ज्यांच्या हाताला ते काम ठाऊक होते ती माणसे तेथे उरली होती, म्हणून हे जमले.

कोडॅकला ही किंमत उशिरा कळली. तरुण पोरे पुन्हा फिल्म मागू लागली आणि २०२२ मध्ये कंपनीला सांगावे लागले की मागणी पुरी होत नाही, तीनशेहून अधिक माणसे घेतली तरी आणखी हवी आहेत. काळोखात यंत्राच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस जाहिरात देऊन मिळत नाही. आपल्या वसाहतीत पंचवीस वर्षांचा फिटर काढून सहा महिन्यांचा कंत्राटी पोरगा घेतात, तेव्हा मॅनेजरसाहेबांना मी हे उदाहरण सांगतो. ते हसतात आणि चहा मागवतात.

आपल्या देशानेही फिल्म बनविली, हे येथे किती जणांना ठाऊक आहे? उटीला केंद्र सरकारने १९६० साली हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी काढली. १९६७ पासून उत्पादन सुरू झाले. 'इंदू' हे तिचे नाव. आमच्या स्टुडिओत कृष्णधवल पासपोर्ट फोटोला इंदूच असे. डोंगरावरची थंड, धूळ नसलेली हवा म्हणून जागा निवडली होती. कर्ज चढले, १९९० नंतर परदेशी माल सुलभ झाला, १९९६ साली कंपनी आजारी ठरली आणि पुढे कामगारांना स्वेच्छानिवृत्ती देऊन कारभार आटोपला. हा कारखाना तसाच चालवायला हवा होता, असे मी म्हणणार नाही. तो तोट्यात होता. पण त्याचा चतुर्थांश भाग तरी चालेल का, हा हिशेब कोणी मांडला होता का? कामगारांच्या बाजूने आम्ही तरी तो मागायला हवा होता. आम्ही भरपाईचा आकडा मागत बसलो.

त्या नातवाला मी एवढेच सांगितले, की रोल जपून वापर आणि धुवायला माझ्याकडे आण. हात अजून विसरलेले नाहीत. वेळ झाली आहे, अध्यक्ष घड्याळ पाहत आहेत. कोणाला काही विचारायचे असेल, तर मी खालीच बसलो आहे.