सभागृहातला एकटा माणूस : व्हिक्टर बर्गर
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

कामगार बंधू-भगिनींनो,

आमच्या बैठकांत एक प्रश्न नेहमी निघतो : सभागृहात आपला एकच माणूस गेला, तर तो करणार काय? म्हणून आज आम्ही अमेरिकेतील व्हिक्टर बर्गर यांची हकीकत तुमच्यापुढे ठेवत आहोत.

बर्गर यांचा जन्म १८६० चा, ऑस्ट्रियन साम्राज्यातला. अमेरिकेत येऊन ते मिलवॉकी शहरात स्थायिक झाले. शिक्षकी केली, वृत्तपत्रे चालवली. १९१० च्या निवडणुकीत ते प्रतिनिधीगृहावर निवडून आले. तेथे पोचलेले ते पहिले समाजवादी. १९११ साली त्यांनी वृद्धांना सरकारी पेन्शन देणारे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही.

१९१२ च्या जानेवारीत लॉरेन्सच्या कापड गिरण्यांत संप पेटला. कायद्याने आठवड्याचे तास ५६ वरून ५४ झाले, तर मालकांनी पगारच कापला! बर्गर यांनी चौकशीची मागणी लावून धरली. प्रतिनिधीगृहाच्या समितीपुढे गिरणीतली मुले स्वतः साक्षीला उभी राहिली. यंत्रात केस अडकून डोक्याची कातडी सोलली गेलेली एक मुलगी बोलली, तेव्हा सारा देश हादरला. मार्चमध्ये मालकांना पगारवाढ द्यावी लागली.

पहिल्या महायुद्धाला विरोध केला म्हणून १९१९ मध्ये बर्गर यांना २० वर्षांची शिक्षा झाली. निवडून आलेले असूनही सभागृहाने त्यांना बसू दिले नाही. पोटनिवडणुकीत मतदारांनी पुन्हा त्यांनाच निवडले. १९२० मध्ये सभागृहाने पुन्हा दार लावले. १९२१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. १९२३ ते १९२९ ते पुन्हा सभासद होते.

त्यांची चूकही आम्ही झाकणार नाही. काळ्या लोकांना त्यांनी हीन लेखले, आशियाई कामगारांच्या प्रवेशाला विरोध केला. अशा भेदभावाने मालकांचेच फावते, हे आपण विसरता कामा नये.

१९२९ मध्ये ट्रामच्या धडकेने झालेल्या जखमांनी ते वारले. वृद्धांच्या पेन्शनचा देशव्यापी कायदा १९३५ साली झाला. तो पाहायला ते नव्हते.

साथींनो, एकट्या बर्गरना कायदा करता आला नाही. पण गिरणीतल्या मुलांचे म्हणणे त्यांनी सभागृहाच्या दप्तरात नोंदवून घेतले. आणि ते जमले, कारण बाहेर हजारो कामगार संपावर ठाम उभे होते. आपला माणूस आत पाठवल्यावर आपण घरी बसायचे नसते, एवढे ध्यानात ठेवू या.

कामगार एकजुटीचा विजय असो!