एकाच टेबलावर दोन बाजूंची मुले
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



संस्थेने आम्हाला वीस मिनिटे दिली आहेत. बँकेतल्या माणसाला हिशोब पाळावाच लागतो, तेव्हा प्रस्तावना न करता विषयाकडे वळतो.

फेब्रुवारी १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात बॉम्बस्फोट झाला. सहा माणसे मेली. जॉन वॉलक नावाचे एक अमेरिकन पत्रकार होते, परराष्ट्र घडामोडींवर लिहिणारे. मोठ्या माणसांच्या परिषदा, करार, हस्तांदोलने यांच्या बातम्या देण्यात त्यांची उमर गेली होती. त्यांनी इस्रायल, इजिप्त आणि पॅलेस्टाईनच्या प्रतिनिधींकडे वेगळीच मागणी केली, 'तुमची मुले आमच्याकडे पाठवा.' त्याच उन्हाळ्यात अमेरिकेच्या मेन राज्यात ४६ मुलांचे शिबिर भरले. 'सीड्स ऑफ पीस', म्हणजे शांततेची बियाणी, असे त्याचे नाव. १३ सप्टेंबर १९९३ रोजी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर राबिन आणि अराफत यांनी हात मिळवले, तेव्हा ही मुले तेथे हजर होती.

पुढे हे शिबिर ओटिसफील्ड या गावी तळ्याकाठी भरू लागले. रचना साधी, पण विचार करून केलेली. लाकडी खोल्यांत दोन्ही बाजूंची मुले शेजारी शेजारी झोपतात. जेवायला एकाच टेबलावर बसतात. सर्वांच्या अंगात एकाच रंगाचा हिरवा शर्ट. ज्याच्याविषयी घरी फक्त भीती ऐकली, तोच मुलगा शेजारच्या खाटेवर घोरत असतो! पहिल्या रात्री काही मुलांना झोप लागत नसणार, हे समजण्यासारखे आहे.

परंतु केवळ खेळ आणि पोहणे एवढ्यावर हे थांबत नाही. रोज संवादाची बैठक असते. प्रशिक्षित मार्गदर्शक समोर असतात, ते निवाडा देत नाहीत. आणि मित्रहो, येथे गोड बोलणे चालत नाही. एक जण बसमधल्या स्फोटाविषयी बोलतो, दुसरा नाक्यावर तासन् तास उभ्या केलेल्या वडिलांविषयी. एकाचे आजोबा छळछावणीतून वाचलेले, तर दुसऱ्याच्या आजीकडे १९४८ साली सुटलेल्या घराची किल्ली. सुरुवातीला दुःखांची जणू स्पर्धा लागते, कोणाचे मोठे याची. आरडाओरडा होतो, रडारड होते, कोणी उठून बाहेर जातो. समोरच्याचे ऐकले म्हणजे आपले खोटे ठरत नाही, एवढे कळायलाच बरेच दिवस जातात. आमच्या मते शिबिराचे खरे काम हेच. बाकीचे त्यासाठी केलेली मशागत. शेवटी मोठी क्रीडास्पर्धा होते. त्यात निळा आणि हिरवा असे दोनच संघ, आणि दोन्हींत सगळ्या देशांची मुले.

हे का चालते? १९५४ साली मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने ओक्लाहोमा राज्यात मुलांचे दोन गट पाडून प्रयोग केला. चढाओढ लावताच थोड्याच दिवसांत शिवीगाळ आणि झेंडे जाळणे सुरू झाले. नुसते एकत्र जेवायला बसवले, तर मुलांनी अन्नच एकमेकांवर फेकले. छावणीचे पाणी बंद पडले, ट्रक अडकला, आणि दोघांनी मिळून जोर लावल्याखेरीज भागेना, तेव्हा कोठे वैर ओसरू लागले. त्याच वर्षी गॉर्डन ऑलपोर्ट यांनी पूर्वग्रहावरील आपल्या ग्रंथात सांगितले की भेटीगाठींनी मन बदलायचे तर त्या भेटीत दोघांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, सहकार्य हवे आणि वरिष्ठांचा पाठिंबा हवा. दर्जा समान हवा, ही अट आपल्या श्रोत्यांना फोड करून सांगायची गरज नाही.

शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी या शिबिरातील इस्रायली व पॅलेस्टिनी मुलांचा अभ्यास केला. ज्याची दुसऱ्या बाजूच्या एका तरी मुलाशी जवळची मैत्री जमली, त्याचे त्या समाजाविषयीचे मत अधिक सुधारले आणि घरी परतल्यावर काही महिन्यांनीही बऱ्याच अंशी टिकले. अखेर एक नाव, एक चेहरा, एवढेच हाती लागते. ते कमी नव्हे.

पण घरी परतणे हेच अवघड. इस्रायली मुलाला अठराव्या वर्षी सक्तीने सैन्यात जावे लागते. पॅलेस्टिनी मुलाला शेजारी 'त्यांच्याशी जवळीक करणारा' म्हणतात. मित्राला भेटायचे तर परवाना लागतो. गलिलीतल्या अराबा गावचा असील हा या शिबिराचा विद्यार्थी, इस्रायलचाच अरब नागरिक. २ ऑक्टोबर २००० रोजी निदर्शनांच्या वेळी तो पोलिसांच्या गोळीने मेला. वय १७, आणि अंगात शिबिराचा हिरवा शर्ट होता. सरकारने चौकशी आयोग नेमला, पण कोणत्याही पोलिसावर खटला उभा राहिला नाही.

म्हणून टीकाकार विचारतात, टेबलावरची समता तीन आठवड्यांची. टेबलाबाहेर एकाच्या हाती बंदूक आणि दुसऱ्याच्या हाती परवान्याचा अर्ज, त्याचे काय? हा प्रश्न रास्त आहे. अन्याय झाकण्यासाठी मैत्री वापरली, तर ती मैत्री नव्हे. पण प्रश्न रास्त म्हणून मुलांनी भेटूच नये, हे आम्हाला पटत नाही. अन्याय कोणता, हे तरी दुसऱ्या बाजूच्या मुलाला कोण सांगणार?

आता आपल्या घराजवळची गोष्ट. २००१ पासून भारत आणि पाकिस्तानची मुलेही तेथे जाऊ लागली. आपल्या मुंबईची आणि तिकडच्या लाहोरची. तेथे त्यांच्या लक्षात आले की आपण एकाच घटनेचे दोन इतिहास शिकलो आहोत. पुढे या शिबिरातल्या काही तरुणांनी दोन्ही देशांच्या शालेय पुस्तकांतील वर्णने समोरासमोर छापणारा उपक्रम काढला. १९०५ च्या बंगालच्या फाळणीचेच पाहा. आपल्या पुस्तकात ती इंग्रजांची फोडा आणि झोडा नीती. तिकडच्या पुस्तकात पूर्व बंगालच्या मुसलमानांना मिळालेली संधी आणि ती हिरावून घेण्यासाठी झालेला विरोध. साल तेच, व्हाइसरॉय कर्झन तोच.

वीस मिनिटे होत आली. विद्यार्थ्यांपैकी कोणाला काही विचारायचे असल्यास त्यांनी पुढे यावे. आणि ज्यांना आमचे म्हणणे पटले नाही, त्यांनी आधी यावे.