जागा नवी, रात्र पहिली

 

आज आपण कर्जाच्या हप्त्यावर बोलणार नाही आणि दशसूत्रीवरही बोलणार नाही. आज बोलायचंय झोपेवर. तीही घरच्या नाही, बाहेरगावच्या झोपेवर. हसू नका. आम्ही समन्वयक गावोगाव फिरतो. निवासी प्रशिक्षणाचं नाव काढलं की बायका जी कारणं सांगतात, ती आम्हाला आता पाठ झाली आहेत. म्हशीची धार कोण काढणार? सासूबाईंच्या गोळ्या कोण देणार? पोराची परीक्षा आलीय. ही सगळी कारणं खरीच असतात. पण बैठक संपते, सतरंजी गोळा करायची वेळ येते आणि एखादी हळूच जवळ येऊन म्हणते, "ताई, बाकी सगळं जमवीन हो. पण मला परक्या जागी झोपच येत नाही."

हे कारण कुणी मोठ्यानं सांगत नाही. लोक म्हणतील, हिला काय राजवाडा लागतो का झोपायला! म्हणून ती गप्प बसते आणि नाव मागे घेते.

आमच्या एका गटात असंच झालं. एक ताई, शेळ्यांचं तिला उपजत ज्ञान. अडलेली शेळी असली की निम्मं गाव तिला बोलवायचं. पशुसखीच्या प्रशिक्षणासाठी गटानं तिचंच नाव दिलं. सात दिवस निवासी. ताई गेली. पहिल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या दिवशी वर्गात डुलकी लागली, कुणीतरी हसलं, आणि दुपारच्या एसटीनं ताई घरी परत. गावाला पशुसखी मिळाली नाही. जंताचं औषध, लसीकरण, साध्या साध्या गोष्टींसाठी बायका पुढे कितीतरी दिवस तालुक्याला खेपा घालत होत्या. दोन रात्रींच्या झोपेपायी एका बाईची कमाई गेली आणि गावाची सोय गेली. म्हणून हा विषय हसण्यावारी न्यायचा नाही.

आता आधी हे समजून घेऊ, की नव्या जागी झोप का येत नाही. त्यात आपलं काही चुकतं का? मुळीच नाही. झोपेचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना ही गोष्ट फार वर्षांपासून माहीत आहे. त्याला ते पहिल्या रात्रीचा परिणाम म्हणतात. झोपेची तपासणी करायला माणसाला प्रयोगशाळेत झोपवलं, की पहिल्या रात्रीची झोप नेहमीसारखी नसतेच.

2016 साली अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी याचं एक कारण दाखवून दिलं. आपल्या मेंदूचे दोन भाग असतात, डावा आणि उजवा. नव्या जागी पहिल्या रात्री माणूस गाढ झोपला, तरी मेंदूच्या डाव्या बाजूचा काही भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, असं त्यांना आढळलं. बारीकसा वेगळा आवाज झाला, तरी ती बाजू तो टिपते आणि माणसाला जागं करते. तीच माणसं पुन्हा त्याच जागी झोपायला आली, तेव्हा हा फरक उरला नव्हता. डॉल्फिन मासा म्हणतात त्या समुद्रातल्या प्राण्याचा आणि काही पक्ष्यांचा तर अर्धा मेंदू झोपतो आणि अर्धा जागा राहतो. आपलं तितकं नसतं, पण जात तीच.

आपल्या भाषेत सांगायचं, तर शेतात माळ्यावर राखणीला दोघं झोपतात, तेव्हा एक गाढ झोपतो आणि एक कान उघडा ठेवून पडतो. नव्या जागी आपला मेंदू तेच करतो. जागा ओळखीची नाही, आवाज ओळखीचे नाहीत, दार कुठल्या बाजूला आहे ते अंगवळणी पडलेलं नाही. मग तो राखण करतो. घरी रात्रभर कुत्री भुंकतात, पत्रा वाजतो, म्हैस खूर आपटते, तरी आपण झोपतो. कारण ते आवाज राखणदाराच्या ओळखीचे असतात. केंद्रावर नुसता पंखा करकरला तरी जाग येते. तेव्हा पहिली रात्र जड गेली तर घाबरायचं नाही. ती बहुतेकांना जड जाते. दुसरी, तिसरी रात्र हलकी होत जाते.

आणि मैत्रिणींनो, आपल्याला हे नवं आहे का? आठवून बघा. लग्न होऊन सासरी आलो, तेव्हा घर परकं, अंथरूण परकं, उंबरा कुठे आणि मोरी कुठे तेही अंधारात सापडत नव्हतं. तेव्हा आपल्यापैकी किती जणींना कुणी सकाळी विचारलं, की बाई, रात्री झोप लागली का? उलट सगळ्यांच्या आधी उठायची ताकीद होती. गटात हा विषय काढला, की साठीच्या मावश्यासुद्धा पदर डोळ्याला लावतात. तरी आपण त्या घरात रुळलो. म्हणजे नव्या जागी रुळायची ताकद आपल्यात आहेच. फक्त तेव्हा कुणी मदत केली नव्हती, आता आपण एकमेकींना करायची.

वारीचं उदाहरण घ्या. आळंदीहून पंढरपूरला पालखीबरोबर निघालेल्या बाया सुमारे तीन आठवडे रोज नव्या गावी झोपतात. कधी शाळेच्या व्हरांड्यात, कधी तंबूत, कधी कुणाच्या पडवीत. त्यांना झोप कशी लागते? चालून अंग दमलेलं असतं, हे तर आहेच. पण आणखी दोन गोष्टी आहेत. वळकटी रोज तीच असते, आणि शेजारी झोपणारी दिंडीतली बाई रोज तीच असते. जागा बदलते, पण पांघरूण आणि माणूस बदलत नाही. आपण नेमकं हेच करायचं आहे.

म्हणून पहिली गोष्ट, गटानं शक्यतो एकटी बाई पाठवू नये. दोघी पाठवाव्यात. एकाच गटातल्या नसतील, तर ग्रामसंघातून जोडी जमवावी. दोघींनी शेजारी शेजारी झोपावं.

दुसरी गोष्ट, घरून आपलं काहीतरी पांघरूण न्यावं. वापरातली गोधडी असेल तर उत्तम. ती जड वाटत असेल, तर नेहमीची चादर किंवा जुनं मऊ लुगडं न्यावं. ते धुऊन कडक करून नेऊ नका. घराचा वास त्याला असू द्या. उशीची सवय असेल, तर उशीचा अभ्रा न्या. तिथल्या उशीला घातला, की गालाला कापड ओळखीचं लागतं.

तिसरी गोष्ट, पोचल्यावर उजेड आहे तोवर सगळं बघून घ्या. संडास कुठे आहे, तिथे पाणी आहे का, दिव्याचं बटण कुठे आहे, दाराला आतून कडी नीट लागते का. रात्री उठून जायचं झालं तर कोणत्या वाटेनं जायचं, ते एकदा चालून बघा. पुष्कळ बायका रात्री उठावं लागू नये म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. हे फार वाईट. त्यानं डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते. पाणी दिवसा भरपूर प्या, झोपायच्या आधी तास-दोन तास कमी करा, आणि उशाशी बॅटरी ठेवा. शेजारणीला उठवायला संकोच करू नका. ते आधीच ठरवून टाका, की तुला जायचं झालं तर मला उठव आणि मला जायचं झालं तर मी तुला उठवीन.

चौथी गोष्ट, अंथरूण बघून घ्या. गादीच्या शिवणीत ढेकूण असतात, ती उलटून बघा. खाली जमिनीवर झोपायचं असेल, तर अंथरूण झटकून घाला आणि भिंतीपासून जरा लांब घाला. पावसाळ्यात हे विसरू नका. मण्यार रात्री फिरते आणि खाली झोपलेल्या माणसाला ती चावल्याचं पुष्कळदा कळतही नाही. मच्छरदाणी असेल तर तिच्या कडा गादीखाली खोचून घ्या. डासही गेले आणि बाकीची भीतीही गेली. काही जणींना दक्षिणेकडे पाय करून झोपणं मनाला पटत नाही. त्यावर वाद घालत बसू नये. उशी दुसऱ्या टोकाला ठेवावी आणि झोपावं. मन शांत झालं म्हणजे झालं.

पाचवी गोष्ट चहाची. प्रशिक्षणात चहा चांगला मिळतो आणि तोही आयता, कुणीतरी हातात आणून दिलेला. मोह होतोच. पण चहाचा अंमल कितीतरी तास शरीरात राहतो. चार वाजताच्या चहानंतर मात्र नको म्हणा. रात्री आपल्या नेहमीच्या वेळेलाच आडवं व्हा. मोबाईलवर व्हिडिओ बघत पडलं की झोप आणखी लांबते.

सहावी गोष्ट घरच्या फोनची. फोन जरूर करा, पण जेवणाआधी. झोपताना फोन केला आणि कळलं की रेडकानं दूध पिलं नाही किंवा धाकटा रडतोय, तर रात्रभर जीव टांगणीला. तिथून आपण काही करू शकत नाही. म्हणून निघायच्या आधीच घरी सांगून ठेवा, की संध्याकाळी सात वाजता फोन करीन, तेव्हा काय ते सगळं सांगा. आणि घरातल्या पुरुष मंडळींनो, तुम्हीही ऐकत असाल तर ऐका. त्या फोनवर "कधी येतेस?" हे पहिलं वाक्य नको. "जेवलीस का, झोप लागली का?" हे विचारा. धार कुणीही काढू शकतं, म्हशीला फक्त दोन दिवस सवय लागते.

सातवी गोष्ट, तरीही झोप आली नाही तर काय? घड्याळ बघत कूस बदलत पडू नका. उठून बसा, पाणी प्या, संथ श्वास घ्या, नामस्मरण करत असाल तर ते करा. डोळे मिटून नुसतं पडून राहिल्यानंही थोडा आराम मिळतो. सकाळी लवकर उघड्यावर, उजेडात फिरून या. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं. दुपारी झोप आली तर अर्धा तास पुरे. आणि कुणा मैत्रिणीनं प्रेमानं दिलेली झोपेची गोळी घेऊ नका. तिची गोळी तिच्यासाठी लिहून दिलेली असते. आपल्या बीपीच्या, साखरेच्या गोळ्या मात्र मोजून न्या आणि वेळेवर घ्या.

आता एक फरक नीट लक्षात ठेवा. नवखेपणामुळे झोप न येणं वेगळं, आणि जागा असुरक्षित आहे म्हणून झोप न येणं वेगळं. दाराला कडी नाही, खोलीबाहेर दिवा नाही, कुणी अनोळखी माणूस रात्री फिरतोय, अशा ठिकाणी मेंदू जागा राहतो ते बरोबरच करतो. तिथे सवय करून घ्यायची नाही, तिथे बोलायचं. प्रशिक्षणाचं पत्र आलं की ग्रामसंघानं आधीच लेखी विचारावं, की बायकांची खोली वेगळी आहे का, कडी आहे का, संडास जवळ आहे का, रात्री कुणी बाई कर्मचारी मुक्कामाला असते का. हे विचारणं म्हणजे नखरे नव्हेत. अडचणीच्या वेळी 112 किंवा महिलांसाठीचा 181 हा नंबर लावता येतो. दोन्ही नंबर पाठ असू द्या. आणि घरी परतल्यावरही आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, मन उदास राहत असेल, तर ती गोष्ट नव्या जागेची नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवा, किंवा टेलिमानसच्या 14416 या नंबरवर बोला. तो फोन फुकट आहे.

उमेदच्या वर्धिनी ताया आठवा. पंधरा पंधरा दिवस परक्या जिल्ह्यात, परक्या गावात राहून त्यांनी गट उभे केले. मुंबईला महालक्ष्मी सरसला चटण्या आणि पापड घेऊन जाणाऱ्या बायाही दिवसभर स्टॉलवर उभ्या राहून रात्री परक्या खोलीतच झोपतात. त्यांनाही पहिली रात्र जड गेलीच असणार. पण त्या तिथे थांबल्या, म्हणून त्यांचा माल गावाबाहेर पोचला.

येत्या बैठकीत दोन कामं करा. पहिलं, गटाच्या पैशातून एक प्रवासाची पिशवी तयार करा. त्यात एक मच्छरदाणी, एक बॅटरी, एक कुलूप, एक पाण्याची बाटली असू द्या. ज्या बाईचा नंबर लागेल ती पिशवी नेईल आणि परत आणून देईल. त्याची नोंद वहीत करा. दुसरं, जी बाई प्रशिक्षणाहून परत येईल, तिला काय शिकलीस हे विचारायच्या आधी झोप कशी लागली ते विचारा. तिनं सांगितलेलं पुढच्या बाईला उपयोगी पडेल. आणि यंदा ज्यांच्या घरी नवी सून येणार आहे, त्यांनी हाच प्रश्न तिलाही विचारावा. पहिले आठ दिवस तिला थोडं उशिरा उठू द्यावं. चहा एक दिवस आपण केला तर काही बिघडत नाही.

पुढच्या वेळी शेळ्यांच्या विम्याबद्दल बोलू. तोवर नमस्कार.