पहिला घोट पाण्याचाच

१८६८ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये डॉ. अडोल्फ कुसमाउल यांनी जठरात डोकावण्यासाठी चक्क तलवार गिळणाऱ्या कसरतपटूला बोलावलं. त्यांची नळी सरळ आणि ताठ होती. ती गिळणं येरागबाळ्याचं काम नव्हतं.

आजची एंडोस्कोपीची नळी लवचिक असते आणि ती घालण्याआधी घशात बधिरतेचा फवारा मारतात. त्याचा अंमल साधारण अर्धा ते एक तास राहतो. तपासणी झाल्यावर तेवढ्यात चहाचा कप तोंडाला लावला, तर घोट श्वासनलिकेत उतरण्याची भीती. म्हणून आधी साध्या पाण्याचा एक घोट. ठसका लागला नाही, की मग कोमट पेज किंवा मऊ वरणभात. झणझणीत रस्सा दुसऱ्या दिवशी.

मोठ्या आतड्याच्या तपासणीनंतर पोट फुगतं, कारण आतडं उघडायला आत हवा भरलेली असते. घरातल्या घरात फेऱ्या मारल्या, की वायू सरतो.

गुंगीचं इंजेक्शन दिलं असेल, तर २४ तास गाडी चालवू नये.

आतड्यातला पॉलिप, म्हणजे मांसल कोंब काढला असेल, तर रक्तस्राव काही दिवसांनीही होऊ शकतो. डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, ताप किंवा पोटात असह्य कळ, यातलं काहीही झालं तर लगेच रुग्णालय गाठावं.